शिवरायांचा होन : सोन्यावरचं नाव आणि तांब्यावरचं नाव

(बिद्री येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

गळिताचा हंगाम ऐन भरात असताना संध्याकाळी तुम्ही एवढे जण येऊन बसलात, याचं मला खरंच अप्रूप वाटतं. येताना रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली पाहिली. तेव्हा मनात आलं, आजचा विषय या गावाला फार फोड करून सांगावा लागणार नाही. ऊस फडात कितीही जोमदार असू दे, काट्यावर वजन होऊन पावती हातात पडल्याशिवाय तो 'गेला' असं आपण म्हणत नाही. वजन आणि पावती. नाणं म्हणजे या दोन गोष्टी एकाच तुकड्यात बसवलेल्या. धातूचं वजन, आणि त्या वजनावर कुणीतरी दिलेली पावती. नाण्याबद्दलचे सगळे वाद या दोहोंपैकी खरं मोल कशाचं, या एका प्रश्नाशी येऊन थांबतात.

आज आपण एका नाण्याचं वाचन करणार आहोत. वाचन हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कवितेचं करतो तसं, ओळ न् ओळ. नाणं आहे छत्रपती शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन. वजन सुमारे पावणेतीन ग्रॅम, रुंदी सव्वा सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. कडेनं ठिपक्यांचं वर्तुळ. एका बाजूला तीन ओळी : श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला दोन ओळी : छत्र, पति. संपलं. एवढाच मजकूर. आणि या एवढ्याशा मजकुरावर गेल्या काही वर्षांत जे बोललं जातं, त्याबद्दल माझी थोडी तक्रार आहे. ती आधी मांडतो.

पहिली तक्रार अशी, की होन म्हटलं की लोक आधी किंमत विचारतात. आज लिलावात किती येतील? हा प्रश्न वाईट नाही, पण तो नाण्याबद्दलचा नाही, आपल्याबद्दलचा आहे. दुसरी तक्रार जरा नाजूक आहे. भाषणांत हमखास ऐकू येतं, की सोन्याच्या नाण्यावर देवनागरी पहिल्यांदा आणली ती महाराजांनी. मंडळी, हे बरोबर नाही. देवगिरीच्या यादवांच्या सुवर्णनाण्यांवर नागरी अक्षरं आहेत. विजयनगरच्या वराहांवर 'श्री प्रताप देवराय', 'श्री प्रताप कृष्णराय' अशी नागरीतच नावं आहेत. फार काय, महंमद घोरीनं उत्तरेत जे सोन्याचं नाणं पाडलं, त्यावर लक्ष्मीची आकृती आहे आणि त्याचं नाव नागरी लिपीत आहे. थोर माणसाला मोठं करायला आपण चुकीचा आधार घेतो, आणि उद्या कुणी तो आधार काढून घेतला की आपल्यालाच वाईट वाटतं. महाराजांना आपल्या चुकीच्या 'पहिल्या'ची गरज नाही. नाण्यावर जे खरोखर आहे, ते पुरेसं आहे.

मग नाण्यावर काय आहे? त्यासाठी आधी काय नाही ते बघू. देव नाही. विजयनगरच्या नाण्यावर उमामहेश्वर आहेत, बाळकृष्ण आहे, गंडभेरुंड आहे. होनावर एकही मूर्ती नाही. ज्या राजाच्या भवानीभक्तीबद्दल आपण इतकं बोलतो, त्याच्या सोन्याच्या नाण्यावर भवानी नाही. साल नाही. टांकसाळीचं नाव नाही. मोगली मोहरेवर बादशहाचं नाव फारसीत येतं, पुष्कळदा त्याच्या स्तुतीची ओळ येते. इथं स्तुती नाही. महाराजांची मुद्रा तर संस्कृत श्लोकात आहे, चंद्रकोरीची उपमा आहे तिच्यात. म्हणजे अलंकारिक बोलता येत नव्हतं असं नाही. पण नाण्यावर उपमा नाही. आहे ते फक्त नाव आणि पद. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला त्याचा अधिकार. माझ्या मते या नाण्याचा सगळा अर्थ त्या दोन बाजूंच्या मधल्या जागेत आहे.

ती जागा किती मोठी होती, हे कळायला जरा मागं जावं लागेल. भोसले घराणं मालोजीराजांपासून निजामशाहीच्या चाकरीत वर आलं. शहाजीराजे निजामशाही, आदिलशाही, मोगल अशा तिन्ही दरबारांत वावरले. फार मोठा माणूस, पण कागदोपत्री सरदार. पुणे-सुप्याची जहागीर होती. जहागीर म्हणजे दुसऱ्यानं दिलेली. शिवाजी महाराजांनी किल्ले घेतले, फौज उभी केली, वसुलीची घडी बसवली. तरी १६६५ सालचा पुरंदरचा तह काढून बघा. तेवीस किल्ले आणि चार लाख होन वसुलाचा मुलूख मोगलांना, बारा किल्ले आणि एक लाख होन वसुलाचा मुलूख महाराजांकडे. हिशोब होनांत आहे, बघा. पण ते होन कुणाचे? महाराजांचा होन तेव्हा नव्हताच. होन हा शब्दच कानडी, 'होन्नु' म्हणजे सोनं. निपाणीच्या पलीकडं बाजाराला जाणाऱ्याला हे सांगायला नको. दक्षिणेत पिढ्यान् पिढ्या वेगवेगळ्या राजांचे, नायकांचे होन चालत होते. सभासदानं बखरीत महाराजांच्या खजिन्यातल्या होनांची यादी दिली आहे, ती वाचताना दम लागतो. किती तरी जातीचे होन, आणि त्यांतच एक शिवराई होन. म्हणजे राज्य स्वतःचं, किल्ले स्वतःचे, रक्त स्वतःचं, आणि मोजमाप मात्र दुसऱ्याच्या नाण्यात. हा सल लहान नाही.

६ जून १६७४, शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. रायगडावर राज्याभिषेक झाला. नवा शक सुरू झाला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथ पंडितांच्या नावावर आहे, तोही याच उद्योगातला. काळ मोजायचं माप आपलं, कारभाराचे शब्द आपले, आणि मोल मोजायचं माप आपलं. या तिहेरी कामातला एक धागा म्हणजे होन. आता पुन्हा ते नाणं डोळ्यांपुढं आणा. 'राजा शिव' हा माणूस आधीही होताच. 'छत्रपति' ही दुसरी बाजू त्या दिवशी आली. म्हणून मी म्हणतो, हे नाणं म्हणजे राज्याभिषेकाचं सर्वांत छोटं वर्णन आहे.

इथं ॲरिस्टॉटलची आठवण होते. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात तो म्हणतो, की नाण्याला ग्रीकमध्ये 'नोमिस्मा' म्हणतात, कारण ते निसर्गानं नाही तर 'नोमोस'नं, म्हणजे रूढीनं, नियमानं चालतं. आपण सगळ्यांनी मानलं म्हणून ते नाणं. उद्या मानलं नाही तर धातू उरतो. याचा अर्थ असा, की राजा नाणं पाडू शकतो, पण चालवू शकत नाही. चालवणार बाजार, चालवणार रयत.

आणि मंडळी, ही गोष्ट महाराजांना पक्की ठाऊक होती. याला पुरावा इंग्रजांच्या कागदांत आहे. १६७४ साली इंग्रजांशी तहाची बोलणी चालू होती. हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता, तो याच कामासाठी. मुंबई बेट तेव्हा कंपनीकडं येऊन सहाच वर्षं झाली होती. इंग्रजांची एक मागणी अशी, की आमची नाणी तुमच्या राज्यात चालू द्या. महाराजांच्या बाजूनं आलेल्या उत्तराचा मथितार्थ असा : आम्ही कुठल्याच नाण्याला मनाई करत नाही, पण ज्यात रयतेला तोटा होईल असं नाणं घ्याच, अशी सक्तीही आम्ही करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं शुद्ध आणि वजनदार असेल, तर ते चालेल. स्वतः छत्रपती होऊ घातलेला राजा हे बोलतो आहे. नाणं पाडण्याचा हक्क राजाचा, पण ते घ्यायचं की नाही हे रयतेचं. होनाच्या अभिमानाबरोबर हे उत्तरही आपण पाठ करायला हवं.

आता थोडं गणित. ऑक्झिंडेन लिहितो, की सुवर्णतुला झाली तेव्हा सुमारे सोळा हजार पॅगोडा भरले. पॅगोडा म्हणजे आपला होनच, युरोपियनांच्या तोंडचा. दक्षिणेतला होन साधारण ३.४ ग्रॅमचा. गुणाकार करा, चोपन्न किलो होतात. तेच महाराजांच्या पावणेतीन ग्रॅमच्या होनानं करा, चव्वेचाळीस किलो. त्या वेळी महाराज चव्वेचाळीस वर्षांचे होते, घोड्यावर आयुष्य काढलेला माणूस. चव्वेचाळीस किलो फारच कमी वाटतात. यावरून माझा अंदाज असा, की ऑक्झिंडेनच्या डोळ्यांपुढचा हिशोब जुन्या जड होनाचा होता. म्हणजे नव्या राजाची तुलासुद्धा जुन्या मापात मोजली गेली! सभासद राज्याभिषेकाचा खर्च एक क्रोड बेचाळीस लाख होन सांगतो. तो आकडा ऐकून कुणी समजतं, की तेवढे शिवराई होन पाडले. तसं नाही. तो हिशोबाचा होन आहे. प्रत्यक्ष 'श्री राजा शिव' असा होन आज फार थोडा सापडतो.

का सापडत नाही? एक कारण, सोनं वितळतं. राज्य बदललं की तांब्याचं नाणं पडून राहतं, सोन्याचं सराफाच्या मुशीत जातं. गळ्यातली पुतळ्यांची माळ तुम्हाला माहीत आहे. कोल्हापूरच्या गुजरीत आजही घडवून मिळते. ही 'पुतळी' मुळात व्हेनिसचं डुकाट नाणं. त्यावर एका बाजूला व्हेनिसचा ड्यूक संत मार्कपुढं गुडघे टेकून बसलेला, दुसऱ्या बाजूला येशू ख्रिस्त. सोनं अतिशय शुद्ध, म्हणून आपल्याकडं त्याला मान. उभी आकृती दिसली म्हणून आपण नाव दिलं पुतळी, आणि पुढं सोनारांनी त्याच घाटावर आपले देव घातले. पाडणारा कोण, कशासाठी, सगळं विसरलं गेलं. वजन आणि शुद्धता तेवढी उरली. सोन्याच्या नाण्याचं दैव हे असं असतं. पावती फाटते, माल राहतो.

इथं माझीच एक फजिती सांगतो. तरुण होतो, नोकरी नुकती लागली होती. एका विक्रेत्यानं मला 'होन' दाखवला. अक्षरं बरोबर, ठिपके बरोबर, वजन बरोबर. दीड महिन्याचा पगार घालून घेतला. न्यायशास्त्र शिकवणारा मी, प्रमाणांवर तास घ्यायचो! प्रत्यक्ष झालं, डोळ्यांनी बघितलं. शब्द झाला, 'श्री राजा शिव' वाचलं. अनुमान तेवढं राहिलं. घरी आणून सराफाला दाखवला. त्यानं कसोटीवर घासला आणि म्हणाला, "सर, सोनं एकदम चोख आहे." मी खूश. मग त्यानं भिंगाखाली कड दाखवली. कडेवर फिरलेली बारीक रेघ होती, अक्षरांच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढे खड्डे होते. म्हणाला, "हा ओतीव आहे. जुनं नाणं ठशावर ठोकून पाडायचे." सोनं खरं, होन खोटा. त्या एका वाक्यात मला नाण्याचं तत्त्वज्ञान कळलं. धातू सगळा खरा असूनही वचन खोटं असू शकतं. पुढं त्याची अंगठी केली, ती अजून आहे. अंगठी म्हणून ती अगदी खरी आहे.

आता उलटी बाजू. आमच्या घरी देव्हाऱ्यात आजीनं ठेवलेली तांब्याची शिवराई होती. झिजून गुळगुळीत झालेली. तिला बाजारात काही मोल नव्हतं. त्यावर 'श्री राजा' एवढंच लागत होतं, शिव पुसट. आजीला वाचता येत नव्हतं. पण ती बोट ठेवून सांगायची, इथं महाराज आहेत. धातू कमी मोलाचा, अक्षर अर्धं, आणि वचन पूर्ण खरं.

शिवराईची गोष्ट होनापेक्षा मोठी आहे आणि ती आपण नीट सांगत नाही. तिच्यावरही तोच मजकूर, 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति'. शंभूराजे, राजाराम महाराज, शाहू महाराज यांच्या नावांची तांब्याची नाणी आहेत. पण चाललं ते शिव हे नाव. महाराज १६८० साली गेले, आणि त्यांच्या नावाचं तांब्याचं नाणं पुढं पेशवाईत, थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत लोकांच्या हातात राहिलं. उशिराच्या शिवराईवर मधे दोन आडव्या रेघा येतात, तिला दुदांडी म्हणतात. कधी 'शिव', कधी 'सिव', कधी 'सीव'. कधी 'पति', कधी 'पती'. शुद्धलेखनाचा मास्तर लाल शाई संपवेल. मला मात्र त्या चुका फार मोलाच्या वाटतात. ठसा कोरणारा कारागीर शिकलेला नव्हता, अक्षरं चित्रासारखी उतरवत होता, आणि तरी तेच नाव उतरवत होता. तांबं तरी कुठलं? त्या काळात हिंदुस्थानात येणाऱ्या तांब्याचा मोठा वाटा डच लोक जपानहून आणायचे. धातू कुठून कुठून आलेला, कारागीर अडाणी, राजा जाऊन शंभर वर्षं झालेली, आणि बाजारात भाजीवालीच्या हातात नाव शिवाचं.

याच काळात चांदीच्या रुपयावर काय होतं? हे ऐकायला जरा जड जाईल. मराठ्यांच्या टांकसाळींतून निघणारे अठराव्या शतकातले रुपये फारसीत आहेत आणि त्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचं. आपल्या करवीर राज्यात चालणारा शंभू पीरखानी रुपयाही फारसी मजकुराचाच. दिल्ली मराठ्यांच्या मुठीत आली, १७७२ साली महादजी शिंद्यांनी शाहआलम बादशहाला दिल्लीत नेऊन बसवलं, आणि रुपयावर नाव मात्र त्या शाहआलमचं! यावर काही जण चिडतात, काही जण मराठ्यांना हिणवतात. माझं म्हणणं, दोन्ही घाई आहे. रुपया दूरच्या व्यापाराचा. सुरतेच्या, बनारसच्या सराफानं तो ओळखला पाहिजे. कंपनी सरकारनंसुद्धा १८३५ पर्यंत बादशहाच्या नावाचे रुपये पाडले, मग स्वतःच्या राजाचं तोंड छापलं. हे तेच १६७४ सालचं तत्त्व, नाणं बाजार चालवतो. पण मग एक प्रश्न उरतो. होनावर जे ठामपणे म्हटलं होतं, 'शिव हा छत्रपती', ते गेलं कुठं? सोनं वितळलं. चांदीवर दिल्ली आली. ते वाक्य तांब्यावर राहिलं. सर्वांत हलक्या धातूवर, सर्वांत गरिबाच्या हातात.

म्हणून माझं आजचं म्हणणं एवढंच. होन हे राजाचं वाक्य आहे. शिवराई ही रयतेनं त्या वाक्याला दिलेली साक्ष आहे. राजानं एकदा म्हटलं, रयतेनं दोनशे वर्षं तेच म्हटलं. आपण वस्तुसंग्रहालयात होनापुढं थबकतो आणि शिवराईच्या ढिगाकडं बघतही नाही, तेव्हा आपण अर्धंच वाचन करतो. दुर्मीळ म्हणून थोर, ही सराफाची कसोटी झाली. राज्याची कसोटी वेगळी असते. ज्याचं नाव सर्वांत जास्त झिजलं, त्याच्यावर सर्वांत जास्त हात फिरले, असं तिथं धरतात.

वेळ संपत आली. दोन प्रश्न चिठ्ठीवर आलेत, ते घेतो.

पहिला आहे : "होनावर महाराजांचं चित्र का नाही?" कुणीतरी विद्यार्थिनीनं विचारलंय. छान प्रश्न आहे, बाळ. १९९९ साली भारत सरकारनं महाराजांचं दोन रुपयांचं नाणं काढलं, त्यावर चित्र आहे. आपल्याला चेहरा लागतो, कारण आपण त्यांना पाहिलेलं नाही. त्या काळी इथल्या राजांची रीत नाव लिहिण्याची होती. आणि एक सोय बघ, चेहरा एकाचाच असतो. नाव मात्र माणूस गेल्यावरही पुढं चालू शकतं. 'शिव' चाललं.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतून : "घरात जुनी शिवराई आहे, काय करावं?" पहिलं, ती चिंच लावून घासू नका. चकाकी येते आणि अक्षरं जातात. दुसरं, ती कुठं सापडली, कुणी दिली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एका कागदावर लिहून तिच्याबरोबर ठेवा. त्या कागदाशिवाय ती नुसतं तांबं होईल. आणि तिसरं, किंमत विचारायला जायच्या आधी एकदा भिंग घेऊन नातवाला शेजारी बसवा आणि त्याला ती वाचायला लावा. त्याला 'सिव' दिसलं आणि तो म्हणाला, "आजोबा, हे चुकलंय," तर त्याला सांगा, ज्यानं हे कोरलं त्याला लिहिता येत नव्हतं, तरी हे नाव त्यानं सोडलं नाही.